मॅचिंग सेंटरची पायरी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावच्या बाजारात अयूबभाऊंचं मॅचिंग सेंटर आहे. दुकान एका शटरचं. आत भिंतभर ब्लाउजपीसचे गठ्ठे, काउंटरवर साडीच्या फॉलचे ढीग आणि काचेखाली दोऱ्याच्या रिळांची रंगकार्डं. गेली बावीस वर्षं त्या काउंटरमागे अयूबभाऊंची मुलगी जाहिदा उभी आहे. तिने लग्न केलं नाही. कोणी कारण विचारलं, तर "मॅचिंग भेटलं नाई," म्हणते आणि समोरच्या बाईची साडी उलगडायला घेते.

मूलमधल्या निम्म्या बायकांच्या साड्यांना पोलकी तिनेच जुळवून दिलेली आहेत. माझ्याही. आमचे हे गेल्यावर मी फिकट साड्या नेसायला लागले, तेव्हा तिने तासभर गठ्ठे उपसले होते. मी म्हटलं, "जाहिदा, कोणताही पांढरा दे गं." ती म्हणाली, "कोणताही पांढरा नसतेच बाई. एका पांढऱ्यात वीस पांढरे असते."

तिची एक पद्धत आहे. गिऱ्हाईक काउंटरवर कापड धरून बघायला लागलं, की ती ते हातातून काढून घेते. "इथी नका पाहू. दुकानात सगळे रंग खोटं बोलते. पायरीवर चला." मग ती स्वतः काउंटरमागून येते आणि दुकानाच्या पायरीवर उभी राहून कापड साडीला लावून दाखवते. साडी लग्नाची असेल तर आणखी एक प्रश्न ठरलेला: "लग्न दिवसाचं का रात्रीचं?" रात्रीचं असलं, तर पुन्हा आत येऊन ट्यूबलाइटखाली. यात बाईचा अर्धा तास गेला तरी चालेल, पण न बघता कापड फाडायचं नाही.

अशा या जाहिदाने वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी फोटो काढायला सुरुवात केली, त्याला मी थोडीशी कारण आहे.

माझ्या मुलाने मला पुण्याहून कॅमेरा पाठवला होता. "रोज डायरी लिहितेस, तर रोज एक फोटोही काढ," असं त्याचं म्हणणं. मी दोन फोटो काढले आणि दोन्हींत माझा अंगठा आला. डायरीची सवय नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी लावली होती, कॅमेऱ्याची कोणी लावली नव्हती. चौदा ऑगस्टला, बुधवारी, जाहिदा माझ्या फॉल लावलेल्या दोन साड्या घेऊन आली. तिने कॅमेरा हातात घेतला, अंगणातल्या जास्वंदीचा एक फोटो काढला आणि बराच वेळ मागच्या काचेत बघत राहिली.

"बाई, हा लाल या फुलाचा नाई."

"मग कोणाचा आहे?"

"तेच तं पाहून राह्यली."

मी कॅमेरा तिला घरी नेऊ दिला. अयूबभाऊंनी संध्याकाळी निरोप पाठवला, "बाईंची अमानत आहे. सांभाळतो."

त्यानंतर ती शिकायला लागली. गिऱ्हाईक नसलं की मोबाइलवर व्हिडिओ बघायची आणि रंगकार्डांच्या पाठीवर टिपणं काढायची. चंद्रपूरहून जुना लॅपटॉप आणला. अडलेले इंग्रजी शब्द विचारायला माझ्याकडे यायची. मी डिक्शनरीत बघून शब्दाचा अर्थ सांगायची, आणि ती मला त्या गोष्टीचा अर्थ सांगायची. 'व्हाइट बॅलन्स' मी फोड करून सांगितला, तर म्हणाली, "म्हणजे आधी पांढरं पांढरं आहे का ते पाहाचं. ते बरोबर आलं, तं बाकीचे रंग आपआपल्या जागी बसते. हे तं मले माहीतच होतं, बाई! नाव नोतं माहीत."

जवळच्या जंगलात वाघाच्या मागे ती कधी गेली नाही. सफारीच्या जिप्सीत बसायचं तिला वावडं होतं, वळणावर तिला मळमळतं. ती सायकलने जवळच्या गावतळ्यावर जायची. तिथे आमची गोकुळा होती. गोकुळा ढिवराची बाई, दर बुधवारी आणि रविवारी माझ्या दारी मासळी घेऊन येते. फेब्रुवारीत तळ्याचं पाणी उतरलं आणि जाळी पडायला लागली. जाहिदाने गोकुळाचा फोटो काढला तो तेव्हाच. कमरेएवढं पाणी, वर धुकं, खांद्यावर ओलं जाळं आणि त्या सगळ्या राखाडीत गोकुळाचं राणी रंगाचं पोलकं.

हाच फोटो अमरने पाहिला. अमर जंगलाच्या वाटेवरच्या एका लॉजचा मॅनेजर. पडद्यांना अस्तर जुळवायला तो दुकानात आला होता. जेवणाच्या हॉलमध्ये लावायला त्याने तिला असे सहा फोटो मोठे करून मागितले.

जाहिदाने त्या दिवशी दुकानातून मला फोन केला. फोनवर ती इतकी हळू बोलत होती की मला वाटलं, कोणीतरी आजारी आहे.

अयूबभाऊंनी ऐकलं आणि म्हणाले, "ठीक आहे बेटा. सहा महिने झाले, अर्धं ध्यान दुकानात, अर्धं तळ्यात. हे एक काम करून पाहा. जमलं तं जमलं. नाई जमलं, तं बाईंचा कॅमेरा बाईंले वापस." ते रागाने बोलले नाहीत. लोकांची वस्तू किती दिवस ठेवायची, याचा त्यांना संकोच होता. पण शब्दाचे पक्के आहेत, हे जाहिदाला माहीत होतं.

तिने दहा दिवस संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर वरच्या खोलीत बसून ते सहा फोटो सुधारले. मग चंद्रपूरच्या रईसच्या लॅबला पाठवले. छापील फोटो एसटीने आले, ते घेऊन ती थेट लॉजवर गेली.

अमरने फोटो टेबलावर पसरले आणि डोकं खाजवलं. "ताई, फोटो झकास आहेत. पण माणसं आजारी वाटतात. इथं पाहुणे जेवायला बसणार आहेत."

खरंच होतं. धुकं शेवाळलेलं, माणसांचे चेहरे हिरवट पिवळे. अमर सज्जन माणूस. त्याने पुढच्या सोमवारपर्यंत मुदत दिली. तोवर झालं नाही, तर नागपूरचा एकजण वाघांचे तयार फोटो देतोच आहे, असंही सांगितलं.

जाहिदाने रईसला फोनवर फैलावर घेतलं. रईस म्हणाला, "आपा, तुम्ही पाठवलं तेच छापलं. इथं शंभर लोकांचे फोटो निघते, कोणालेच कावीळ नाई होत. तुमची स्क्रीन कॅलिब्रेट करा." स्क्रीनचे रंग तपासणारं यंत्र मिळतं, पण ते यायला पंधरा दिवस लागणार होते. तिने अंदाजाने तांबडा वाढवून एक फोटो पुन्हा छापून मागवला. त्यात गोकुळा दारू प्याल्यासारखी दिसायला लागली.

बुधवारी सकाळी जाहिदा ते सगळे फोटो घेऊन माझ्या ओसरीवर येऊन बसली. कॅमेऱ्याची पिशवीही बरोबर होती. तिने ती माझ्या खुर्चीजवळ ठेवली, मी तिकडे लक्ष नसल्याचं दाखवलं. आम्ही चहा घेत होतो, तेवढ्यात गोकुळा टोपली घेऊन आली. टोपली उतरवली आणि तिची नजर फोटोवर गेली.

"हे कोण व?"

"तूच आहेस," मी म्हटलं.

"मी? अव माय! मले का कावीळ झाली?" तिने फोटो उचलून लांब धरला. "अन् हे पोलकं कोणाचं? माहं नाई हे."

जाहिदा वैतागलीच होती. "तुमचंच आहे ना व. त्या दिवशी तेच घातलं होतं."

"माहं पोलकं मले माहीत नाई? तुमच्याच दुकानातलं आहे. मी म्हणत होती, चालते व बाई, द्या फाडून. तं तुमीच माहा हात धरून पायरीवर नेलं. म्हणे, आत रंग खोटं बोलते." गोकुळाने फोटो खाली ठेवला. "आता हा फोटो कुठी पाह्यला तुमी? पायरीवर पाह्यला का?"

जाहिदाने कप खाली ठेवला.

"वरच्या खोलीत," ती म्हणाली.

ती खोली मला ठाऊक होती. दुकानाच्या शटरला रंग दिला तेव्हा उरलेला सगळा ऑइलपेंट अयूबभाऊंनी त्या खोलीला फासला होता. चारी भिंती पोपटी, वर एक पिवळा बल्ब, डासांमुळे खिडकी बंद.

जाहिदाने कपाळावर हात मारला. "बाई, भिंतीचा हिरवा डोळ्यात भरून राहे, तं स्क्रीनवरचे चेहरे मले गुलाबी दिसत. मंग मी गुलाबी काढून राह्यली. काढू काढू हिरवे करून टाकले. अन् गाळी खाल्ल्या त्या रईसनं!" मग एकदम मला म्हणाली, "तुमची ही ओसरी चुन्याची आहे ना?"

"दिवाळीला दिला."

"अन् ऊन येत नाई इथी?"

"उत्तरेकडं तोंड आहे. मे महिन्यातही येत नाही."

"आज रोहू आहे," गोकुळा मध्येच म्हणाली. "घेता का नाई? मले अजून चार घरं आहे."

गुरुवारी सकाळी आठ वीसला जाहिदा आली. एका काखेत लॅपटॉप, दुसऱ्या काखेत राणी रंगाच्या कापडाचा गठ्ठा. गोकुळाचं पोलकं याच गठ्ठ्यातून फाडलेलं होतं. पांढऱ्या भिंतीसमोर लॅपटॉप ठेवून तिने फोटो उघडला आणि तोंडावर हात ठेवला. "या अल्ला! हे मी केलं?" पुढचे दोन तास तिचं एकच चाललं होतं. कापडाची घडी स्क्रीनच्या शेजारी धरायची, फोटोतल्या पोलक्याकडे बघायचं, बोटाने एक खूण सरकवायची, पुन्हा कापडाकडे बघायचं. गिऱ्हाईक समोर असताना तिची मान जशी एका बाजूला कलते, तशीच कलली होती. पोलकं कापडाला मिळालं, तसा धुक्यातला हिरवाही गेला आणि गोकुळाच्या हाताचा काळसर तपकिरी रंग परत आला.

शुक्रवारी सकाळी बाकीचे पाच फोटोही तसेच सुधारून झाल्यावर तिने रईसला वेगळंच सांगितलं. पूर्ण फोटो छापू नका, सहाही फोटोंच्या बोटभर रुंद पट्ट्या एकाच कागदावर काढा.

"आपा, फोटो पाह्यजे का रिबिनी?"

"आधी तुकडा पाहाचा, मंग थान फाडाचं. तुम्ही छापा."

शनिवारी पट्ट्या आल्या. ओसरीवर कापडाशी लावून बघितल्या, बरोबर होत्या. मी म्हटलं, "झालं तर मग!" ती पट्ट्या गुंडाळत म्हणाली, "झालं कुठी, बाई? लग्न दिवसाचं का रात्रीचं, ते तं पाह्यलंच नाई." आणि ती लॉजवर गेली. भर दुपारी तिने अमरला हॉलचे पडदे ओढायला आणि पिवळे दिवे लावायला सांगितले. त्या दिव्यांखाली फोटो थोडे अंधारे वाटत होते. तिने परत येऊन ते किंचित उजळले. दुपार सरली होती, ओसरीवरचा उजेड कमी झाला होता, म्हणून शेवटचा फोटो रविवारी सकाळी केला. रईसने ते रविवारीच छापून शेवटच्या एसटीने पाठवले. आधीच्या शिव्यांबद्दल तिने त्याची माफी मागितली, तर तो म्हणाला, "राहू द्या आपा, पुढच्या वेळी बिर्याणी पाठवा."

सोमवारी मीही ऑटोत बसले. गोकुळाही आली. आपल्याला कुठं टांगणार आहेत, हे तिला स्वतः पाहायचं होतं. तिने मुद्दाम तेच पोलकं घातलं होतं.

अमर फोटो घेऊन हॉलकडे वळला, तर जाहिदाने ते त्याच्या हातातून काढून घेतले. "आधी पायरीवर चला." लॉजच्या पायरीवर उभं राहून तिने फोटो गोकुळाच्या खांद्याशी धरला. अमर एकदा फोटोकडे, एकदा गोकुळाकडे बघत राहिला. मग सगळे आत गेले, पडदे ओढले, दिवे लागले. तिथेही पोलकं तेच राहिलं.

"छान," अमर म्हणाला. "हे लावूया. फक्त एखादा वाघ असता तर..."

"वाघ काय कराचा जी?" गोकुळा म्हणाली. "तो का तुमच्या पाहुण्यायले मासे आणून देते?"

अमर हसला आणि त्याने नोकराला शिडी आणायला सांगितलं. जाहिदा हॉलच्या मधोमध उभी राहून सहाव्या फोटोचा खिळा ठोकून होईपर्यंत बघत होती, आणि तो एका बोटाने वाकडा आहे म्हणून तिने तो पुन्हा काढायला लावला.

मंगळवारी अयूबभाऊ स्वतः माझ्याकडे आले. बसले नाहीत. "बाई, कॅमेरा अजून थोडे दिवस राहू देता का आमच्याकडं?"

मी म्हटलं, "राहू द्या. माझा अंगठाच येतो त्यात."

"तिच्या खोलीले चुना मारून देतो म्हटलं, तं म्हणते ऑइलपेंटवर चुना धरत नाई. अन् खरडाले बसलो, तं हप्ता जाईन." त्यांनी ओसरीच्या भिंतीकडे बघितलं. "तवरक तुमची ओसरी..."

तेव्हापासून जाहिदा रोज सकाळी आठ ते दहा माझ्या ओसरीवर असते. दहाला दुकान उघडतं. पहिल्या आठवड्यात ती काम करताना मी नेहमीप्रमाणे माझ्या हिरव्या प्लास्टिकच्या खुर्चीत पेपर वाचत बसायची. तिसऱ्या दिवशी तिने मागे वळून भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाई, राग नका मानू. तुमी बसा इथी. पण ही खुर्ची तेवढी आत ठेवता का? हिचा रंग पडते."

खुर्ची आता स्वयंपाकघरात आहे. मी लाकडी स्टुलावर बसते.