बाळंतिणीची शेगडी

वादळात डिलाईल रोडवरच्या आमच्या खोलीच्या खिडकीची काच फुटली. माझी मुलगी वीस दिवसांची बाळंतीण. तिला वारा लागू नये म्हणून मी चौकटीवर जाड प्लास्टिक ठोकलं.

सकाळी मालीशवाल्या मावशी आल्या. पावसाने फुगलेलं दार त्यांनी जोर लावून बंद केलं, आणि मालीश झाल्यावर शेक द्यायला कोळशाची शेगडी पेटवून खाटेखाली सरकवली.

थोड्याच वेळात माझं डोकं ठणकायला लागलं.

"आई, मळमळतंय गं," मुलगी म्हणाली.

"रात्रभर झोप नाही, म्हणून," मावशी म्हणाल्या. पण त्याही कपाळ दाबत होत्या. रोज शेकताना घर डोक्यावर घेणारं बाळ आज गप्प पडून होतं.

धूर नव्हता, कोळसे लालभडक होते. पण तिघींना एकदम त्रास होतोय म्हटल्यावर मला कळलं. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो, त्याला ना रंग ना वास.

दार ओढलं, हलेना. सुरीने प्लास्टिक टराटरा फाडलं, मुलीला बाळासकट खिडकीशी बसवलं आणि हाका मारल्या. शेजाऱ्यांनी बाहेरून लाथा घालून दार उघडलं आणि शेगडी गॅलरीत नेली.

"चाळीस वर्षं शेक देतेय, कुणाला काही झालं नाही," मावशी पुटपुटल्या.

"चाळीस वर्षं खिडकी उघडी असायची, मावशी."

बाळ एकदाचं रडलं. तरीही मी टॅक्सी बोलावली आणि हॉस्पिटलात जाताना मावशींनाही आत बसवलं.