सोयरीक दोन शाळांची

निनाद, आर्या, त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी गप्प गप्प होते. नुकताच फोन येऊन गेला होता... सुमन कांबळे गेली. "आजी, ती तुझी कोण?" असं आर्याने विचारलं. मैत्रीण, एवढंच तेव्हा म्हणाले. आता महिना होऊन गेला, क्रमाने सांगते.

मी रत्नागिरीत शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि सुमन शहराबाहेर, सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, बौद्धवाडीतल्या शाळेची मुख्याध्यापिका होती. आमच्या संस्थेने तिच्या शाळेला मदत करायचं ठरवलं... जुने गणवेश, उरलेल्या वह्या, एक छोटासा समारंभ. निरोप घेऊन मी गेले. सुमनने चहा दिला आणि म्हणाली, "मदत नको हो बाई. सोयरीक करायची असेल तर बोला."

सोयरीक म्हणजे येणं-जाणं दोन्हीकडचं. दर शनिवारी तिची मुलं आमच्या प्रयोगशाळेत येतील. सत्रातून एकदा आमची मुलं वाडीत जातील आणि तिथेच जेवतील. प्रयोगशाळेला संस्थेच्या अध्यक्षांनी लगेच होकार दिला, शनिवार सुरूही झाले. जेवणापाशी मात्र घोडं अडलं. पालक सांगू लागले, मुलं डबे नेतील, पाणीही घरचंच. कारण कुणी उच्चारलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. सुमनने कळवलं, जेवण नाही तर शनिवारही नाही. तोवर तिच्या आठवीतल्या संघमित्राला सूक्ष्मदर्शकाचं वेड लागलं होतं. पोरगी कांद्याच्या पापुद्र्यावरून डोळा काढत नसे. हट्टापायी त्या मुलीचं नुकसान होईल, असं मी सुमनला म्हटलं. ती म्हणाली, "तिला शिकायचंय हो. पण खाली मान घालून नको."

शेवटी पालकांनी वाडीतल्या जेवणाला कसाबसा होकार दिला. पण ठरल्या दिवशी आमची मुलं एसटीतून उतरली, तर प्रत्येकाच्या दप्तरात डबा. मी सुमनकडे बघायचं टाळलं. वाडीतल्या आयांनी सकाळपासून घावनं घातली होती, काळ्या वाटाण्याची उसळ चुलीवर होती. आता ही सगळ्यांना परत पाठवणार... पण सुमन हसत पुढे झाली. "अरे वा, सोयऱ्यांनी शिदोरी आणली. पाहुण्यांची शिदोरी घरच्यांनी खायची असते, ठाऊक आहे ना?" डबे तिच्या मुलांच्या पंगतीत गेले आणि आमच्या मुलांच्या पानात घावनं पडली. अध्यक्षांचा नातू क्षणभर पानाकडे बघत राहिला. मग त्याने घावन उसळीत बुडवलं, खाल्लं आणि आणखी मागितलं. समोरच्या पंगतीत संघमित्रा कुणाचा तरी पुलाव चाखून म्हणाली, "ह्याची आई मीठ विसरली वाटतं."

काही पालकांनी नंतर मुलांना पाठवणं बंद केलं. मला अध्यक्षांनी बोलावून घेतलं. मी मनातल्या मनात राजीनामा लिहीतच गेले. ते म्हणाले, नातू घरची घावनं खात नाही, वाडीतल्यासारखी मऊ नाहीत म्हणतो. पुढच्या खेपेला डबे नकोत. हे सांगितलं तेव्हा सुमन पोट धरून हसली होती.

संघमित्रा आज आमच्याच शाळेत विज्ञान शिकवते. निवृत्तीनंतरही सुमन शनिवारी प्रयोगशाळेत मागच्या स्टुलावर येऊन बसायची. परवाच्या शनिवारी मी मुद्दाम गेले. स्टूल रिकामं असेल असं मनाशी धरलं होतं. त्यावर गुडघे टेकून एक मुलगी सूक्ष्मदर्शकावर वाकली होती.

"कुठल्या शाळेची गं तू?" मी विचारलं.

डोळा न काढता ती म्हणाली, "शनिवारची."