आईचा रस्ता, पानांनी भरलेला

गेल्या वर्षी पवईच्या आमच्या ऑफिसात घरच्यांना घेऊन यायचा दिवस होता. मी आईला नेणार नव्हते. कारण सांगायला लाज वाटते, पण सांगते. आई महापालिकेच्या झाडूखात्यात होती. ऑफिसात मी नुसतंच ‘महापालिकेत होती’ म्हणायचे, आणि आमच्या मॅडमनी एकदा फोनवर खोदून विचारलं तेव्हा ‘वॉर्ड ऑफिसला’ असं ठोकून दिलं होतं.

पण आमंत्रणातला फोटो आईनं माझ्या मोबाईलवर पाहिला. “अगं, हा तर माझा रस्ता! घाटकोपर स्टेशनकडचा,” ती म्हणाली. “मी येणार.” आता हिला कोण अडवणार!

ऑफिसच्या तळमजल्यावरच्या मोठ्या हॉलमध्ये एका तरुण कलाकार मुलीनं तो अख्खा रस्ता उभा केला होता, चारही भिंतींवर आणि जमिनीवर, प्रोजेक्टरच्या उजेडानं. असल्या प्रकारांना मी नाक मुरडते. सेल्फीची सोय, दुसरं काय! पण आत गेले आणि मुरडलेलं नाक सरळ झालं. दुकानांच्या पाट्या त्याच, पण शटरवरून वडाच्या पारंब्या उतरत होत्या. मेट्रोच्या खांबांना वेलींनी विळखा घातला होता. बसस्टॉपच्या छपरावर गवत डुलत होतं, त्यात एक बगळा निवांत उभा. रोज मी त्याच रस्त्यावरून चिडचिड करत जाते आणि या कलाकार मुलीला तो असा दिसतो? खरं सांगते, तिचा हेवा वाटला.

जमिनीवर पिवळ्या पानांचा खच पडला होता. पाय पडेल तिथली पानं सरकायची. छताला कॅमेरे लावले होते, त्यांची ती करामत. सगळे लाथा मारून पानं उधळत होते. आई मात्र दाराशीच थांबली. पानं कुठल्या बाजूला उडताहेत ते तिनं नीट पाहिलं, वाऱ्याकडे पाठ केली आणि पदर खोचला. एसी हॉलमध्ये कसला आलाय वारा, तो फक्त चित्रात होता. पण ती पायानं पानं लोटायला लागली, एका लयीत, घाई न करता. गटाराच्या जाळीपाशी आली की पानं अलीकडेच थांबवायची. बघता बघता तिच्यामागे स्वच्छ पट्टा दिसू लागला आणि कडेला सारख्या अंतरावर ढीग.

लाथा मारणारे थांबले. ती कलाकार मुलगी धावत आली. “इतके महिने मी यावर काम केलंय,” ती म्हणाली, “पण ही पानं अशी ढिगात राहतात हे मलाच माहीत नव्हतं!”

आमच्या मॅडमही पुढे आल्या. “काय झकास, काकू! कुठं शिकलात हे?”

आईचा पाय थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि खोचलेला पदर सोडला. “कुठं न्हाई, मॅडम. मी वॉर्ड ऑफिसला होते ना.”

त्या खोट्याबद्दल मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. मी फोनवर मॅडमशी बोलताना तिनं ऐकलं असणार. ऐकून पोटात ठेवलं आणि मला एका शब्दानं विचारलं नाही. अख्खा हॉल जे काम टक लावून बघत होता, ते काम ती माझ्यासाठी नाकारत होती. स्वतःचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

“नाही, मॅडम,” मी म्हणाले. “आई झाडूखात्यात होती. हाच रस्ता झाडायची. वॉर्ड ऑफिसचं मी खोटं सांगितलं होतं.”

मॅडम काय म्हणाल्या ते मी ऐकलंच नाही. मी आईकडे बघत होते. तिनं डोळे पुसले, पदर पुन्हा कमरेला खोचला आणि जमिनीकडे बोट दाखवलं.

“मग उभी काय राहिलीस?” ती म्हणाली. “ती बाजू तू घे.”