सहाची गाडी

मनुला राग यायला वेळ लागायचा. शेणघाण काढून, भाकरी थापून, नवाची यष्टी धरून ती इस्लामपूरच्या हायस्कुलात यायची. एवढ्या धबडग्यात रागवायला सवड कुठली? पण सत्तरच्या डिसेंबरात जो राग आला, तो तिनं गिळला नाही.

अकरावीला ती आणि शरयू एका बाकावर. शरयू वकिलांची मुलगी, घर यष्टी स्टँडासमोर. मामांनी तिला सांगलीहून गणिताचं गाईड आणून दिलं होतं. ते ती मनुला द्यायची, पण अट घालून. "रात्री मला लागतं गं. सातच्या आत घरी आणून दे." मग मनु गावाकडची सहाची गाडी सोडायची, स्टँडावरच्या बाकावर गणितं उतरवून घ्यायची, गाईड परत करायची आणि सातची धरायची. घरी सांगायची, सर जादा तास घेतात. तिच्या गावचा, शाळेतलाच जोतीरामही सातच्या गाडीला असायचा, पलीकडच्या बाकावर भजी खात.

स्नेहसंमेलनात मनुला गणिताचं पहिलं बक्षीस होतं. वडील पलटणीत, लांब सरहद्दीवर. घरात शब्द थोरल्या चुलत्यांचा, हंबीररावांचा. "आबा, तुमी यायलाच पायजे," म्हणून तिनंच त्यांना आणलं. नवा फेटा बांधून ते मागच्या रांगेत बसले.

बक्षिसं झाली आणि फिशपाँड सुरू झाले. पेटीत निनावी चिठ्ठ्या टाकायच्या, सरांनी स्टेजवरून वाचायच्या, ज्याच्यावर असेल त्यानं हसून घ्यायचं, अशी रीत. पेटीतून एक गुलाबी कागद बाहेर आला तसा शरयूनं तोंडाला रुमाल लावला. सरांनी अजून वाचलंही नव्हतं.

"मनुबाईंना यष्टी स्टँडाचा बाक भेट. सहाची सोडून सातची धरतात, जोतीरामला सोबत म्हणून."

सगळा मंडप हसला. मागच्या रांगेतला फेटा उठला.

घरी आल्यावर आबांनी तिचं दप्तर माळ्यावर फेकलं. "जादा तास व्हय? उद्यापास्नं शाळा बंद."

मॅट्रिकची परीक्षा मार्चात. मनु उसात भांगलत होती. जोतीरामला कुणी काही विचारलं नव्हतं. तो रोज शाळेला जात होता, त्याच गाडीनं यायचा, त्याच बाकावर भजी खायचा. खुरपं जमिनीत घालताना मनुचे दात आवळले जात.

संक्रांतीला दुपारी शरयू दारात आली. नवी साडी, हातात पितळी डबा.

"तिळगूळ घे, गोड बोल. किती रुसायचं गं? गंमत होती ती. फिशपाँडवर कुणी रागावतं का?"

"घे की गं मने," चुलती चंद्राबाई आतून म्हणाली. "सणाचं दारात आलीया ती."

मनुनं हात पुढं केला नाही. "मी का थांबत हुते, ठावं न्हवतं तुला?"

शरयू डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिली. "होतं."

"मग आबांना सांग."

"मी? बाबांना कळलं तर..."

"तुज्या एकट्या बाबांना कळंल. माजं साऱ्या मंडपाला कळलं."

मनु माळ्यावर चढली. दप्तर उतरवून वह्या पुढच्या सोप्यात सुपारी कातरणाऱ्या आबांपुढं टाकल्या. पानापानावर उतरवलेली गणितं आणि त्या त्या संध्याकाळची तारीख होती. शरयू खांबाला धरून उभी राहिली.

"ती माझं गाईड उतरवायची," ती खाली बघत म्हणाली. "सातच्या आत परत दे, असं मीच म्हणायचे. चिठ्ठीही मीच लिहिली."

अडकित्ता थांबला. आबांनी पानं उलटली, बराच वेळ.

"मग मने, जादा तासाचं खोटं का बोललीस?"

"खरं सांगितलं असतं तर स्टँडावर बसू दिलं असतं?"

आबांनी वह्या सरळ करून ठेवल्या. "पेपराला मी संगं येईन. बाहीर बसंन."

"बसा की. पर उद्यापास्नं शाळंला मी एकटी जानार."

आबांनी अडकित्ता पुन्हा हातात घेतला. चंद्राबाईनं दप्तरावरची धूळ पदरानं पुसली.

"आता तरी घे," शरयूनं डबा पुढं केला. तिचे डोळे भरले होते.

मनुनं डब्याकडं बघितलंही नाही. वह्या एकेक करून दप्तरात घातल्या.

"इस्लामपूरला सहाची गाडी हाय," ती म्हणाली. "सोडू नगंस. लोक बोलत्यात."