अठरा वर्षांचा अनुभव आणि पाचवा प्रश्न

सगळं रुग्णालय तिला वाफेवाली म्हणायचं. ऑपरेशनची हत्यारं धुवायची, त्यांचे संच लावून कापडात बांधायचे, वाफेच्या मोठ्या यंत्रात घालून निर्जंतुक करायचे आणि वर थिएटरात पाठवायचे, हे तिचं काम. तळघरातल्या त्या खोलीत अठरा वर्षं गेली. एवढ्या वाफेत आपण शिजलो कशा नाही, असं ती स्वतःच म्हणायची, आणि मग टेकायला खुर्ची शोधायची. कंबरेच्या मणक्यातल्या दोन चकत्या केव्हाच सरकल्या होत्या.

त्यात नवा नियम आला. पुढच्या वर्षापासून यंत्राला हात लावायचा तर परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवायचं. ज्याच्याकडे ते नसेल त्याने चादरींच्या खोलीत जाऊन गाठोडी उचलायची. गाठोडी उचललीस तर अंथरूण धरशील, असं तिला डॉक्टरने तोंडावर सांगितलं होतं. म्हणजे परीक्षा देणं भागच होतं. पण परीक्षेआधी एक अर्ज होता, तुमचा अनुभव परीक्षेला बसण्याच्या लायकीचा आहे की नाही ते ठरवणारा. अठरा वर्षं राबलेल्या बाईला हे विचारायचं म्हणजे माशाला पोहता येतं का म्हणून विचारण्यासारखंच!

रविवारी दुपारी ती गरम पाण्यात पाय बुडवून बसली आणि मुलगी अर्ज भरायला लागली.

"धुण्याचा अनुभव किती?"

"जन्माचा. तिथला धरू की घरचा?"

"आई, आकडा सांग."

"अठरा."

"संच बांधणं?"

"तेही अठरा. यंत्र मात्र सोळा लिही. पहिली दोन वर्षं मला त्याच्या जवळ फिरकू देत नव्हते."

असे चार प्रश्न भराभर उरकले. पाचवा मुलीने मोठ्याने वाचला. एखादी खेप नीट निर्जंतुक झालेली नाही हे ओळखून तुम्ही ती परत मागवली, असा एक प्रसंग तुमच्या शब्दांत लिहा. खाली वरिष्ठांची सही.

"हं, सांग," मुलगी म्हणाली.

पाणी निवत आलं तरी आईचे पाय त्यातच.

प्रसंग होता. पाच वर्षांपूर्वीचा. जोडीदारीण रजेवर, तिच्या एकटीवर दोघींचं काम, आणि दुपारपर्यंत कंबरेचा पार चुथडा झालेला. दर खेपेबरोबर यंत्रात एक कागदी पट्टी जाते. वाफ सगळीकडे पोचली की ती काळीभोर होते. मग ती पट्टी वहीत चिकटवायची, शेजारी खेपेच्या नंबराचं लेबल लावायचं आणि 'ठीक' लिहून सही करायची. त्या दिवशी पट्टीचं एक टोक करडंच राहिलं होतं. पुन्हा खेप लावायची तर तास गेला असता, आणि वरून फोनवर फोन. पेशंट टेबलावर आहे, संच कुठाय? तिने पट्टी चिकटवली आणि लेबल शेजारी न लावता बरोबर त्या करड्या टोकावर लावलं. ठीक. सही. संच वर गेला.

नंतर तिनेच यंत्राची तक्रार केली, दुसऱ्या दिवशी झडप बदलली. काही ना काही निमित्त काढून ती रोज वॉर्डात जाऊन ज्याच्यासाठी तो संच गेला होता त्या म्हाताऱ्याला बघून यायची. सहाव्या दिवशी तो आपल्या पायांनी घरी गेला. कुणाला काही कळलं नाही. तिने हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आज मुलीला सांगितलं.

मुलगी म्हणाली, "अगं, पण ओळखलं होतंस ना तू? फक्त संच परत मागवला असं लिहू या. कोण बघायला आलंय?"

ती खरंच थकली होती. हो म्हणावंसं तिला फार वाटलं. पण ती म्हणाली, "झालं तसं लिही."

सोमवारी तिने अर्ज मोठ्या सिस्टरांपुढे ठेवला. सिस्टरांनी चष्मा लावून वाचला, उठून दार लोटलं आणि परत येऊन बसल्या.

"फोन मी करत होते त्या दिवशी."

"माहितीये. तुमचं नाव नाही घातलं मी."

"नाव नसलं म्हणून काय झालं? तारीख आहे. माझं निवृत्तीला एक वर्ष राहिलंय गं." सिस्टरांनी अर्ज तिच्याकडे परत सरकवला. "हात दाखवून अवलक्षण कशाला? परत मागवला असं लिही. मी डोळे मिटून सही करते."

"डोळे मिटूनच तर तेव्हा झालं, सिस्टर."

तिला सिस्टरांचा राग आला नाही. तिच्याइतक्याच दमलेल्या होत्या त्या. तिने कोरा अर्ज मागून घेतला, पहिले चार आकडे पुन्हा भरले आणि पाचव्या प्रश्नाखाली लिहिलं, 'असा अनुभव नाही.' यात खोटं काही नव्हतं आणि सिस्टरांचं वर्षही वाचत होतं. सिस्टरांनी सही केली. मान वर करून तिच्याकडे बघणं मात्र त्यांना जमलं नाही.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं: अनुभव अपुरा, परीक्षेला बसता येणार नाही. सगळ्या तळघराला हसू आलं. वाफेवालीचा अनुभव अपुरा! जोडीदारीण तर अर्ज तपासणाऱ्यांच्या सात पिढ्या काढायला निघाली.

"नाही गं, बरोबर तपासलाय त्यांनी," ती म्हणाली.

नव्या वर्षी ती कंबरेला पट्टा बांधून चादरींच्या खोलीत गेली. पहिलंच गाठोडं उचलताना अशी कळ उठली की ती मटकन खाली बसली आणि रडली. खरं वागलं म्हणजे पाठ दुखायची थांबते, असं काही नसतं. मग तिने गाठोड्याची गाठ सोडली आणि त्यातल्या चादरी दोन-दोन करून न्यायला लागली.