म्हात्रेबाई आणि मी पासवर्ड लावलेली फाइल

म्हात्रेबाईंना मी पहिल्यांदा भेटले ती वीस-बावीस वर्षांपूर्वी, पनवेलच्या एसटी स्टँडजवळच्या त्यांच्या संगणक वर्गात. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "दुसऱ्याचा कागद टाइप करताना नीट वाचायचा आणि उठताना विसरायचा." मी ते वहीत लिहून घेतले. पाळले किती, हा प्रश्न वेगळा.

बाईंच्या ज्ञानाबद्दल त्यांच्या साठीनिमित्तच्या या अंकात इतर विद्यार्थी लिहितीलच. मी माझ्या एका चुकीबद्दल लिहिते, कारण त्या मला खऱ्या कळल्या त्या तेव्हा.

काही वर्षांपूर्वी तळोज्याच्या एका कारखान्याच्या धुराविरुद्ध आमच्या नागरिक समितीने तक्रार केली. तिथल्याच सात कामगारांनी माहिती दिली होती, नावे कळू देणार नाही या माझ्या शब्दावर. मी त्या माहितीच्या एक्सेल तक्त्यातला नावांचा रकाना लपवला, शीटला पासवर्ड लावला आणि फाइल पुरावा म्हणून कारखान्याला मेल केली. दुपारी बाईंना ती कौतुकाने दाखवली.

बाईंनी फाइलची प्रत काढली, तिच्या आतल्या कोडमधली पासवर्डची एक ओळ पुसली. चहा निवायच्या आत सातही नावे पडद्यावर होती. मी थक्क झाले. मग आठवले, हीच फाइल सकाळी कारखान्याकडे गेली होती.

"बाई, पासवर्ड बारा अक्षरांचा होता."

"असू दे पन्नासचा. शीटचा पासवर्ड चुकून हात लागू नये म्हणून असतो, लपवायला नाही. फाइल उघडायचा वेगळा, तो भक्कम. पण तुम्ही लोक तोही त्याच मेलच्या खाली लिहून पाठवता."

"मग काय करायचं होतं?"

"नावं पुसायची होती. चल आता, चप्पल घाल."

वर्ग बंद करून त्या माझ्याबरोबर रिक्षात बसल्या. आम्ही सातही घरी गेलो. बोलायचे मला होते. त्या नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या. शेवटच्या घरी वयस्कर भगतकाका म्हणाले, "नाव गेला तं गेला, बाय. पन सांगाला आलीस. नायतर आमी गाफील रायलो असतो."

एकेकट्याला कोणी गाठू नये म्हणून दुसऱ्या दिवशी सातही जणांनी एकत्र, उघड सह्या करून तक्रार दिली. मी त्यांना दुसरा मार्ग ठेवला नव्हता, हे मी विसरत नाही. सातही जण आज कामावर आहेत.

बाईंना उदंड आयुष्य आणि ठणठणीत तब्येत लाभो. त्या दिवशी त्या शेजारी नसत्या, तर मी पहिल्याच दारावरून परत फिरले असते.