कुरणातला गोग्रास
१० मे १९८७, सकाळी सव्वादहा. इंग्लंडातल्या एका शांत खेड्यात आम्ही उभयता आठवडाभर पायी हिंडण्यासाठी उतरलो होतो. त्या दिवशीची पाऊलवाट एका कुरणातून जात होती. कुंपणाशी उभ्या असलेल्या गाईला पत्नीने नमस्कार केला आणि दुपारच्या डब्यातली एक पोळी गोग्रास म्हणून दिली. ते पाहून उरलेली वीसेक जनावरे धावत आली. मी फाटकावर चढलो. "अहो, उतरा खाली, गाईला कसलं भ्यायचं?" असे म्हणत ती पोळ्या वाटत राहिली. पलीकडून शेतकरी शांतपणे म्हणाला, "बाईसाहेब, यात गाय एकही नाही. सगळे गोऱ्हे आहेत." डबा तिथेच टाकून पत्नी माझ्या आधी फाटकापलीकडे उतरली. संध्याकाळी मी दोघांच्या बुटांवरचे शेण खरवडून काढले. तिच्या बुटांवरचे आधी.